बोलिंगचा स्वतःचा बॉल: आधी हात मोजा, मग फेक, बॉल सगळ्यात शेवटी

मिशिगनमधल्या लांबलचक हिवाळ्यात करमत नाही म्हणून मी ऑफिसच्या चौघांबरोबर गुरुवारच्या बोलिंग लीगमध्ये नाव घातलं. दोन महिन्यांत स्वतःचा बॉल घ्यायची खाज सुटली. एका व्हिडिओत निळा-जांभळा बॉल शेवटच्या पंधरा फुटांत असा काही वळत होता, की मी तोच मागवला. जवळच्या एका दुकानात नेऊन म्हटलं, ‘व्हिडिओतल्या माणसासारखीच भोकं पाडा.’ त्यांनी पाडली. माझी फेक बघितली नाही, हातही जेमतेम बघितला. तो बॉल माझ्या हातून अर्ध्या लेनमध्येच वळायला लागायचा आणि पिनांपाशी पोचेपर्यंत त्याचा दम गेलेला असायचा. वर अंगठ्याला फोड.

बॉल उत्तमच होता, पण तो दुसऱ्याच्या हाताचा होता. मी हळू टाकतो आणि फिरकी बऱ्यापैकी देतो. तो बनवला होता जोरात टाकणाऱ्यांसाठी. त्यानंतर चार बॉल झाले, हात आणि खिसा दोन्ही पोळून जे कळलं ते करायच्या क्रमाने लिहितो. उजव्या हाताने टाकणारा गृहीत धरला आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून घ्यावं.

लेनवर नेमकं काय होतं

फाउल लाइन, म्हणजे बॉल टाकताना जी ओलांडायची नाही ती रेघ, तिथपासून पहिली पिन ६० फुटांवर. लेनची रुंदी ३९ पट्ट्यांची, प्रत्येक पट्टी साधारण इंचभर. त्यावर तेल असतं. रोजच्या लीगला ते बहुतेक ठिकाणी ४० फुटांच्या आसपास, मधल्या पट्ट्यांवर दाट आणि दोन्ही कडांना विरळ. पुढचे वीस फूट कोरडे. कॅरमवर जिथे पावडर आहे तिथे स्ट्रायकर कसा सुळकन जातो आणि पावडर संपली की कसा अडतो, ते आठवा. बॉल तेलावर आधी घसरतो, कोरड्यावर आला की वळतो आणि शेवटी सरळ लोळत जातो. घसरणं, वळणं, लोळणं. चांगला बॉल म्हणजे या तीन गोष्टी तुमच्या हाताला योग्य जागी करणारा बॉल.

उजव्या हाताच्या माणसासाठी स्ट्राइकची (पहिल्याच फेकीत सगळ्या पिना पाडायची) जागा, म्हणजे पॉकेट, उजवीकडून मोजली तर साडेसतराव्या पट्टीवर. तिथे बॉल चार ते सहा अंशांच्या कोनात शिरला तर पिना एकमेकींना पाडतात. अगदी सरळ टाकलेल्या बॉलला हा कोन मिळत नाही. सगळी हूकची, म्हणजे बॉल वळवायची, धडपड त्या चार-सहा अंशांसाठी आहे, व्हिडिओतल्या काटकोनी वळणासाठी नाही.

पहिली पायरी: हात

इथे घाई करू नका. बॉल चुकीचा निघाला तर आठ-दहा पिना कमी पडतील. माप चुकलं तर मनगट आणि अंगठ्याचा सांधा जाईल.

आपली वीत अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. बोलिंगमधली वीत, म्हणजे स्पॅन, अंगठ्याच्या भोकाच्या काठापासून मध्यमेच्या आणि अनामिकेच्या भोकांच्या काठापर्यंत. दोन्ही बोटांचा स्पॅन वेगळा मोजतात. ॲलीतल्या (बोलिंगच्या हॉलमधल्या) भाड्याच्या बॉलमध्ये बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात. ती कन्व्हेन्शनल पकड. हूक टाकायचा असेल तर फिंगरटिप पकड: बोटं फक्त पहिल्या पेरापर्यंत आत. त्यामुळे अंगठा आधी सुटतो आणि बोटं बॉलला वर उचलून फिरकी देतात. पहिला आठवडा फिंगरटिपने बॉल हातातून पडतोय असंच वाटत राहतं. पडत नाही.

स्पॅन लांब झाला तर तळवा ताणला जातो, अंगठ्याच्या बुडाशी दुखतं आणि अंगठा अडकून सुटतो. आखूड झाला तर तुम्ही नकळत बॉल चिमटीत धरता, अंगठा आत वाकवता, आणि पेरावर फोड येतो. माझं हेच झालं होतं. सोपी तपासणी अशी: अंगठा पूर्ण आत, बोटं जागेवर, हात सैल. तळवा आणि बॉल यांच्यामध्ये पेन्सिल जेमतेम सरकली पाहिजे. आरपार ढिली जात असेल तर स्पॅन आखूड, शिरतच नसेल तर लांब.

दुसरी गोष्ट पिच, म्हणजे भोकाचा कल. भोक बॉलच्या केंद्राकडे सरळ गेलं तर पिच शून्य. अंगठ्याचं भोक तळव्याच्या बाजूला कललं तर फॉरवर्ड: बॉल हातात टिकतो, सुटायला वेळ लागतो. उलट्या बाजूला कललं तर रिव्हर्स: पटकन सुटतो. बहुतेकांचं काम शून्याच्या आसपास, एक अष्टमांश इंच इकडे-तिकडे होतं. ज्यांचा अंगठा मागे फारसा वाकत नाही त्यांना आणि ज्यांचा खूप वाकतो त्यांना सारखं पिच देणारा दुकानदार दिसला तर बॉल उचला आणि निघा.

अंगठ्याच्या भोकाचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागाने बदलतं, आणि तेवढा फरक हाताला कळतो. मोजायला जाताना आधी दोन-तीन गेम खेळून जा, कारण खेळताना अंगठा सुजतो. इथल्या जानेवारीत बाहेरून आल्यावर माझा अंगठा एवढा आक्रसतो, की भोकात टेपच्या तीन पट्ट्या लावाव्या लागतात. जुलैमध्ये एकही नको. म्हणून भोक किंचित मोठं ठेवून आत टेप लावायची पद्धत आहे. लहान भोक पाडून ‘सैल होईल हळूहळू’ यावर विश्वास ठेवू नका. बॉल म्हणजे कोल्हापुरी चप्पल नाही.

अंगठ्यासाठी रेझिनच्या भोकाऐवजी आत प्लॅस्टिकचा स्लग, म्हणजे दंडगोल तुकडा, बसवून त्यात भोक पाडलेलं बरं, आणि बोटांना रबरासारखे मऊ इन्सर्ट. सगळ्या बॉलमध्ये एकच अंगठा फिरवता येईल असे काढ-घाल करायचे स्लगही मिळतात. दुसरा बॉल घ्यायचा विचार असेल तर पहिल्यापासून तेच घ्या.

दोन हातांनी टाकणाऱ्यांना यातलं निम्मं लागू नाही. ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमॉन्टीमुळे ही पद्धत जगभर पसरली. अंगठा बाहेर, त्यामुळे भोकं दोनच.

दुसरी पायरी: फेक मोजा

आधी वेग. ॲलीच्या पडद्यावरचा आकडा दोन लेनवर दोन असतो, त्याच्या नादी लागू नका. मित्राला फोनवर बाजूने स्लो मोशन घ्यायला सांगा. बॉल फाउल लाइनपाशी टेकल्यापासून पहिल्या पिनेला लागेपर्यंतचे सेकंद मोजा आणि ४०.९ ला त्यांनी भागा. येईल तो ताशी मैलांमधला सरासरी वेग. २.४ सेकंद म्हणजे १७ मैल. माझे २.८ सेकंद, म्हणजे साडेचौदा.

मग फिरकी, म्हणजे रेव्ह. बॉलवर एक पांढरी चिकटपट्टी लावा, सेकंदाला २४० फ्रेमवर चित्रण करा, आणि हातातून सुटल्यावर पट्टीचा एक पूर्ण फेरा किती फ्रेममध्ये होतो ते मोजा. १४,४०० भागिले फ्रेम म्हणजे मिनिटाचे फेरे. ४८ फ्रेम आल्या तर ३००. मला ४४ आल्या, म्हणजे सुमारे ३२५. दहा फेका मोजून सरासरी काढा. कॅमेरा बघून सगळेच पहिल्या तीन फेका उगाच जोरात टाकतात.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. ढोबळमानाने १७ मैल आणि ३०० फेरे ही जोडी समतोल. १८ मैल आणि २०० फेरे असतील तर तुमचा वेग फिरकीवर भारी: बॉल लांब घसरतो, वळायला वेळच मिळत नाही. १५ मैल आणि ३५० असतील तर फिरकी वेगावर भारी: बॉल लवकर वळतो, लवकर थकतो. पुढचे सगळे निर्णय या एका तुलनेवर उभे आहेत.

तिसरं, बॉल कोणत्या अक्षाभोवती फिरतो. चाकासारखा थेट पुढे फिरत असेल तर वळण सौम्य. अक्ष बाजूला वळलेला असेल, म्हणजे बॉल आडवा फिरत असेल, तर आधी लांब घसरतो आणि मग एकदम वळतो. ज्यांचा अक्ष उभा कललेला असतो, भोवऱ्यासारखा, त्यांना स्पिनर म्हणतात. त्यांच्या बॉलचा लेनशी स्पर्श छोट्या वर्तुळावर होतो आणि तो खूप उशिरा वळतो.

चौथं, आणि भोकं पाडण्यासाठी सगळ्यात गरजेचं: पॉझिटिव्ह ॲक्सिस पॉइंट, दुकानातल्या भाषेत पीएपी. बॉल सुटताना ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू. साधा प्लॅस्टिकचा बॉल तेल असलेल्या लेनवर टाका. परत येईल तेव्हा त्यावर तेलाचं एक कडं उमटलेलं असेल. ते मेणाच्या पेन्सिलने गिरवा. कड्याच्या प्रत्येक भागापासून सारख्याच अंतरावर असलेला, उजव्या बाजूचा बिंदू म्हणजे पीएपी. त्यावर चिकटपट्टीचा छोटा चौकोन लावून पुन्हा टाका आणि मागून बघा. सुटल्या सुटल्या तो चौकोन जागच्या जागी फिरत राहिला तर बिंदू बरोबर. डुलत वर्तुळ काढत असेल तर सरकवा. मग पकडीच्या मध्यापासून मोजा: इतके इंच उजवीकडे, इतके वर किंवा खाली. ‘पाच उजवीकडे, अर्धा वर’ असा काहीतरी आकडा येईल. तो वहीत लिहून ठेवा, कायम उपयोगी पडतो. नियमित खेळायला लागल्यावर वर्षभरात बदलतोही, म्हणून नवा बॉल घेताना पुन्हा मोजा.

तिसरी पायरी: वजन आणि बॉल

कमाल वजन १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलोच्या आसपास. बहुतेक पुरुष १४ किंवा १५ वर स्थिरावतात. भाड्याच्या १२ पौंडांच्या बॉलला घट्ट आवळून धरावं लागतं म्हणून तो जड वाटतो. मापात पाडलेला १४ पौंडांचा हलका वाटतो. तिसऱ्या गेमला खांदा खाली पडत असेल तर एक पौंड कमी करा. मात्र कॅटलॉगमधले आकडे बहुधा १५ पौंडांच्या बॉलचे असतात, आणि फार हलक्या वजनांत आतला गाभा वेगळा घातलेला असतो. १२ पौंडांचा बॉल घेताना फक्त नावावर जाऊ नका.

बॉलची करामत सगळ्यात जास्त त्याच्या सालीत, म्हणजे वरच्या थरात, असते, गाभ्याचा नंबर नंतर. प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिएस्टर, जवळजवळ वळत नाही. सरळ टाकणाऱ्यांचा आणि स्पेअर (दुसऱ्या फेकीत उरलेल्या पिना) उचलायचा बॉल तोच. १९८०च्या दशकात युरेथेन आलं: लवकर पकडतं, हळूहळू, गुळगुळीत वळतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिन आलं आणि खेळ बदलला. त्याच्या सालीला बारीक छिद्रं असतात, ती तेल शोषतात आणि कोरड्यावर बॉल जोरात पकड घेतो. त्यातही सॉलिड साल लवकर पकडते, पर्ल उशिरा आणि झटक्यात, हायब्रिड मध्ये कुठेतरी.

वेग भारी असणाऱ्यांनी सॉलिड साल आणि खरखरीत पृष्ठभाग घ्यावा. फिरकी भारी असणाऱ्यांनी पर्ल किंवा युरेथेन, पृष्ठभाग गुळगुळीत. स्पिनरलाही खरखरीतच लागतो. ज्यांचा बॉल चाकासारखा सरळ फिरतो त्यांना पर्ल जास्त जिवंत वाटतो. क्रिकेट बघितलेल्याला हे सांगायला नको: पाचव्या दिवसाच्या खेळपट्टीवर कुणीही वळवतो, पहिल्या दिवशी बोटांत दम लागतो. खरखरीत साल म्हणजे पाचवा दिवस सोबत घेऊन फिरणं.

गाभ्याचे दोन आकडे बघा. आरजी, म्हणजे वजन केंद्राजवळ आहे की लांब. नियमाने तो २.४६ ते २.८० इंचांमध्ये. २.४८ सारखा कमी असेल तर बॉल लवकर लोळायला लागतो, २.५५च्या वर गेला की लांब जातो. दुसरा डिफरेन्शियल, कमाल ०.०६०. जितका जास्त, तितका बॉल फिरताना अक्ष बदलतो आणि प्रत्येक फेऱ्याला लेनवर ताजी, कोरडी साल टेकते. त्याला फ्लेअर म्हणतात. ०.०५० म्हणजे भरपूर, ०.०३० म्हणजे बेताचा. पहिला बॉल मधल्या ताकदीचा, सिमेट्रिक गाभ्याचा घ्या. कॅटलॉगमधला सगळ्यात महाग बॉल हा बहुधा सगळ्यात जास्त तेलासाठी असतो, आणि गुरुवारी रात्रीच्या लीगला तेवढं तेल नसतं.

चौथी पायरी: लेआउट

बॉलवर रंगीत ठिपका असतो, त्यालाही पिनच म्हणतात: गाभ्याचा माथा. बोटांची भोकं पिनच्या आणि तुमच्या पीएपीच्या तुलनेत कुठे पडतात, याला लेआउट म्हणतात. सगळ्यात महत्त्वाचा आकडा पिन ते पीएपी अंतर. बॉलचा परीघ २७ इंच, त्याचा पाव भाग पावणेसात. पिन बरोबर पीएपीवर असेल किंवा त्यापासून पावणेसात इंचांवर असेल, तर गाभा स्थिर राहतो आणि फ्लेअर जवळपास शून्य. त्याच्या अगदी मध्यावर, ३ पूर्णांक ३/८ इंचांवर, गाभा सगळ्यात अस्थिर आणि फ्लेअर सगळ्यात जास्त. वाकडा धरून सोडलेला भोवरा जास्त डुलतो, तसंच.

मो पिनेल या बॉल-रचनाकाराने रूढ केलेल्या ड्युअल अँगल पद्धतीत लेआउट तीन आकड्यांनी लिहितात, उदाहरणार्थ ५० गुणिले ४ गुणिले ३५. मधला आकडा हे अंतर, बाजूचे दोन आकडे कोन. पहिला कोन लहान असेल तर बॉल लवकर लोळायला लागतो, मोठा असेल तर उशिरा. असिमेट्रिक गाभ्यात हा कोन जास्त बोलतो. तिसरा कोन लहान, म्हणजे पिन बोटांच्या वर, तर कोरड्यावर आल्यावर बॉल झटक्यात वळतो. मोठा, म्हणजे पिन बोटांच्या खाली, तर वळण सावकाश. वेग भारी असेल तर दोन्ही कोन लहान ठेवा, फिरकी भारी असेल तर मोठे. माझ्या आताच्या पर्ल बॉलचा लेआउट ६५ गुणिले ५ गुणिले ४५ आहे. तो माझ्या हाताचा, तुमच्या नाही.

लेआउटवर लोक रात्र-रात्र वाद घालतात. माझ्या मते तो जेवणातल्या मिठासारखा आहे: नसला तर कळतं, पण भाजी तो करत नाही. पृष्ठभागावर पाच मिनिटं घासायचा पॅड फिरवून बॉलचं वागणं जेवढं बदलतं, तेवढं लेआउट अर्धा इंच सरकवून बदलत नाही.

दुकानात उभं राहून

ज्याने तुमची फेक बघितली त्याच्याकडूनच भोकं पाडून घ्या. तो ‘दोन गेम टाकून दाखव’ म्हणाला तर ते दुकान चांगलं. तुमच्या समोर बॉलवर रेघा आखायला सांगा, आणि ड्रिल खाली यायच्या आधी हात ठेवून बघा, की मधल्या बोटाचं भोक खरंच मधल्या बोटाखाली आहे. हसू नका, उजव्या हाताचा बॉल डाव्यासारखा आखलेला मी बघितला आहे. भोकांचे काठ गोल करून घ्या. स्पॅन बरोबर असूनही धार तशीच राहिली तर तीच बोटाला कापते.

लीग मान्यताप्राप्त असेल तर यूएसबीसीचे, म्हणजे अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेचे, नियम लागू. १ ऑगस्ट २०२० पासून तोल साधायची जादा भोकं बंद आहेत. प्रत्येक भोक पकडीसाठीच हवं. म्हणजे दोन हातांनी टाकणाऱ्याने अंगठ्याचं भोक पाडून रिकामं ठेवायचं नाही. जुना बॉल स्वस्तात घेत असाल तर चौथं भोक आहे का बघा. असेल तर ते बुजवून घ्यावं लागेल. दहा पौंडांवरच्या बॉलला कोणत्याही बाजूला ३ औंसांपर्यंत असमतोल चालतो, ते दुकानातल्या तराजूवर लगेच कळतं. शेवटी मापाचा कागद मागून घ्या: स्पॅन, पिच, भोकांची मापं, पीएपी, लेआउट. मी तो फोनमध्ये ठेवतो.

मुंबई-पुण्याकडे बॉल न्यायचा विचार असेल तर इथेच पाडून न्या. तिकडे भोकं पाडणारं दुकान शोधणं कठीण. १५ पौंड म्हणजे जवळपास सात किलो, बॅगेच्या तेवीसांतले सात गेले. मॉलमधल्या मौजेच्या लेनवर तेल अनेकदा नावापुरतं असतं. तिथे महागडा रिॲक्टिव्ह बॉल लेनच्या कडेच्या गटारात जाईल, प्लॅस्टिकचा न्या.

पहिले दहा गेम

पहिल्या दिवशी बॉल वळत नाही म्हणून लगेच पुन्हा भोकं पाडायला धावू नका. आधी उभं राहायची जागा बदला, मग पृष्ठभाग. पॅडचे आकडे ५००, १०००, २०००, ४०००. आकडा लहान तितकी साल खरखरीत, तितकी पकड लवकर. बॉल पुढे निघून जात असेल तर २००० वरून १००० वर या. लवकर वळून मरगळत असेल तर ४००० किंवा पॉलिश. हे सामना सुरू व्हायच्या आधी करायचं, सुरू झाल्यावर नाही. अंगठा मात्र पहिल्या दोन गेममध्येच दुखला तर थांबा आणि त्याच दिवशी दुकानात जा.

प्रत्येक फेकीनंतर कोरड्या मायक्रोफायबर टॉवेलने तेल पुसा, घरी गेल्यावर बॉल क्लीनरने. पन्नास-साठ गेमनंतर दुकानात देऊन आत मुरलेलं तेल काढून घ्या. रिॲक्टिव्ह बॉल ‘मेला’ म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा तो फक्त तेलाने भरलेला असतो. आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाळ्यात तापून आणि इथल्या थंडीत गारठून साल आणि गाभा कमी-जास्त फुगतात-आक्रसतात, आणि एके दिवशी अंगठ्याच्या भोकापासून तडा जातो. तो निळा-जांभळा बॉल असाच गेला. आता आमच्या गॅरेजच्या दाराला अटकाव म्हणून असतो.